भात्यातली हवा

"फुंकू नका!"

"फुंकलं नाही."

"बाबा, मी बघितलं. गाल फुगले होते तुमचे."

"माझे गाल आहेत. फुगतील नाहीतर बसतील. तू तुझ्या दुकानातल्या काचा पूस जा."

"काचाच पुसते मी. पण ओल्या फडक्यानं पुसते. फुंकून गिऱ्हाइकाच्या डोळ्यात नाही उडवत."

लेक चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. धुळीचं वादळ ओसरल्यावर जी पहिली बस निघाली, तिनं ती आली होती. आल्या आल्या नाकावर फडकं बांधून स्टुलावर चढली आणि पंख्याची पाती पुसायला लागली. मातकट पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळत होतं. खाली सतरंजीवर तिचे वडील मांडीवर उघडी बाजाची पेटी घेऊन बसले होते. पेट्या दुरुस्त करण्यात जन्म गेलेला, म्हणून सगळी गल्ली त्यांना पेटीकाका म्हणायची. पेटीतल्या पितळी सुरांवर पिवळ्या धुळीची साय धरली होती आणि काकांच्या ओठांचा चंबू अजून मोडला नव्हता.

तेवढ्यात आतल्या खोलीतून खोकल्याची उबळ आली. लांबलचक, शेवटी शिट्टीसारखी बारीक होत जाणारी. ती थांबेपर्यंत स्टुलावरची हलली नाही आणि सतरंजीवरचाही हलला नाही.

"ऐकलंत?"

"बहिरा नाहीये मी."

"मग आता हेही ऐका. आई माझ्याकडे येतेय. उंच मजला आहे, खिडक्या घट्ट बसतात. तिथवर धूळ पोचत नाही."

"आईला विचारलंस?"

"तिला बोलायला श्वास कुठाय?"

"आहे हं," आतून आवाज आला. "थोडा आहे. घ्या वाटून मला दोघं. डावी बाजू लेकीला, उजवी ह्यांना."

"आई, चेष्टा नकोय."

"बरं बाई. मग उजवी तू घे."

लेक खाली उतरली. फडकं बादलीत पिळलं, तेव्हा पाण्याचा रंग चहासारखा झाला. तिनं वडिलांकडे नीट बघितलं. रागानं बघायचं ठरवलं होतं, पण ते काही जमलं नाही तिला.

"बाबा, दर वादळानंतर हेच होतंय. तिची छाती रात्रभर वाजते. मी तिकडे झोपू शकत नाही."

"रविवारपर्यंत दे," काका म्हणाले. "इथली हवा अशी करतो की तुझ्या उंच मजल्यानं मान खाली घालावी."

"कशी? फुंकून?"

"न फुंकता."

"शपथ?"

"आता काय स्टॅम्पपेपर आणू?"

ठरलं. रविवारी लेक गाडी घेऊन येणार. आईची छाती शांत असली तर चहा पिऊन एकटी परत जाणार, नाहीतर आईला घेऊन जाणार. जाताना तिनं सोबत आणलेलं खोकं उघडलं. त्यात हवा गाळायचं एक पांढरं यंत्र होतं, लहान स्टुलाएवढं. आईच्या, म्हणजे गल्लीच्या काकूंच्या, पलंगाशी ते ठेवून तिनं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला आणि खोलीत एक मंद घूंऽऽ सुरू झालं.

काकांनी मान तिरकी केली. "उतरलाय जरा."

"काय उतरलंय?"

"सूर. यंत्राचा. केसभर खाली आहे."

लेकीनं कपाळाला हात लावला आणि चपला घातल्या.

पेटीकाकांचं हे असंच. मामाच्या हाताखाली काम शिकायला बसले, तेव्हा मामानं पहिल्या दिवशी अवजाराला हातसुद्धा लावू दिला नव्हता. फक्त फुंकायला शिकवलं. सुराची पितळी जीभ इतकी पातळ असते की बोट लागलं तरी ती बिघडते. धूळ काढायची तर फुंकरच हवी, आणि तीही झोपलेल्या बाळाच्या पापणीवर घालावी तशी. ते शिकता शिकता सवय हाडात मुरली. मग काका सगळंच फुंकायला लागले. ताट वाढायच्या आधी ताट, बसायच्या आधी खुर्ची, बाहेरून आणलेलं वर्तमानपत्र. काकू सांगायच्या, "लग्नाच्या दिवशी मला बघितलं आणि आधी फुंकलं. म्हटलं, हा माणूस मला पुसून घरात नेणार."

काकू गाणं शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांचा कान असा होता की काकांनी तो कधी कुणाला उसना दिला नसता. पेटी तयार झाली की काका बाहेरच्या खोलीत एकेक पट्टी दाबत जायचे आणि आतून भाजी चिरता चिरता काकू सांगायच्या, "हा फुगलाय. हा झोपलाय. पुढचा बरा आहे. त्याच्या पुढचा रडतोय." त्यांच्याकडे सुरांना नावं नव्हती, स्वभाव होते. काका फुगलेल्याला कानशीनं समजावायचे, रडणाऱ्याचे डोळे पुसायचे. अलीकडे वरच्या टोकाचे बारीक सूर काकांच्या कानापर्यंत यायचे बंद झाले होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. काकूंना सांगायची गरजच नव्हती, कारण वरच्या टोकाला आले की काका दोनदा दाबायचे, आणि काकू दोनदा सांगायच्या.

एवढाच संसार. बाहेरची खोली, आतली खोली, स्वयंपाकाचा कोपरा, आणि भिंतीला पाठ लावून बसलेल्या परक्यांच्या पेट्या.

वादळं मात्र वर्षागणिक जवळ यायला लागली होती. परवाचं आलं ते भरदुपारी. आधी पाखरं गप्प झाली. मग उजेड केशरी झाला, मग तांबडा, मग जुन्या फोटोसारखा तपकिरी. समोरचं घर पुसट झालं, मग ते नव्हतंच. रस्त्यातून कुणीतरी सायकल ढकलत गेलं तर नुसती सायकलची घंटी गेल्यासारखी वाटली. वारा पडला तरी धूळ खाली बसली नाही. हवेतच तरंगत राहिली, जणू सगळं गाव कुणीतरी हातात उचलून धरलं होतं आणि कुठे ठेवावं हे त्याला आठवत नव्हतं.

लेक गेली आणि काका कामाला लागले.

केरसुणी त्यांनी गॅलरीत उलटी टांगली. ती धूळ उचलत नाही, नुसती जागेवरून उठवते, हे लेकीनं बजावलं होतं. ओलं फडकं, तेही वरून खाली: आधी कपाटाचा माथा, मग फळ्या, मग खिडकीची चौकट, शेवटी फरशी. फडकं दर थोड्या वेळानं धुवायचं, नाहीतर इथला चिखल तिथे. चपला उंबऱ्याबाहेर. दाराखालच्या फटीत ओला टॉवेल गुंडाळून. चादरी, अभ्रे, पडदे गरम पाण्यात. खिडक्या उघडायच्या त्या फक्त सकाळी, बाहेरची हवा निवळलेली दिसली तरच, आणि समोरासमोरच्या दोन्ही, म्हणजे आतलं बाहेर जाईल.

"अहो, मलाही पुसून घ्या एकदा," काकू पलंगावरून म्हणाल्या.

"थांब, वरून खाली येतोय. तुझा नंबर फरशीच्या आधी आहे."

त्यावरही समाधान होईना, म्हणून त्यांनी ओल्या चादरी टांगल्या. दारात एक, खिडकीत एक, बाहेरच्या खोलीत दोरी बांधून आणखी चार. निळी, फिकट हिरवी, एक जुनी जांभळ्या फुलांची. बाहेरचा तांबूस उजेड त्यांच्यातून गाळला जाऊन आत यायला लागला आणि घर एखाद्या तळ्याच्या तळाशी गेल्यासारखं झालं. थेंब पडायचा, थांबायचा, पुन्हा पडायचा. काकू भिंतीला धरून हळूहळू चालायच्या आणि चादरीपलीकडून विचारायच्या, "कोण आहे?"

"मासा," काका म्हणायचे.

"कुठला?"

"म्हातारा. गळाला लागलेला."

मग दोघं हसायचे, आणि हसता हसता काकूंना खोकला यायचा.

पण ओल ही पेटीची वैरीण. भात्याचं चामडं फुगतं, पट्ट्या अडकतात, सुरांवर हिरवट गंज चढतो. दुसऱ्याच दिवशी शाळेच्या पेटीची एक पट्टी दाबल्यावर वर यायची विसरली. काकांनी चारी बाजूंना बघितलं. सगळ्या घरात कोरडी जागा एकच उरली होती: आतली खोली. तिथं चादर नव्हती, यंत्र होतं, दार घट्ट बंद होतं. घरातली सर्वांत स्वच्छ हवा होती ती.

"मी पेट्या तुझ्याकडे आणू का?" त्यांनी काकूंना विचारलं.

"विचारता काय? या की सगळे."

तेव्हापासून काका काकूंच्या पलंगाशी बसून काम करायला लागले. पाठ पलंगाला टेकलेली, काकूंचा हात त्यांच्या खांद्याजवळ लोंबत. काका भाता ओढायचे, पट्टी दाबायचे, काकू डोळे मिटून स्वभाव सांगायच्या, आणि यंत्राचं घूंऽऽ खालून साथ धरायचं. गंमत अशी की काका भाता चालवायला लागले की यंत्राचा हिरवा दिवा तांबडा व्हायचा आणि ते जोरात ओरडायला लागायचं.

"ह्याला गाणं कळत नाही," काका म्हणायचे.

"जळतंय ते. नवीन आलंय ना घरात."

दुपारी दोघांनाही डुलकी लागायची. त्या बंद खोलीत वेळ जायचा कुठे आणि यायचा कुठून, कळायचं नाही. एकदा काकूंना स्वप्न पडलं की भिंतीला लागून बसलेल्या पेट्या झोपेत श्वास घेतायत, लहानमोठ्या मुलांसारख्या, आणि आपण त्यांच्या मधून जपून चालतोय, कुणावर पाय पडू नये म्हणून. जाग आल्यावर त्यांनी ते काकांना सांगितलं. सांगताना मध्ये तीन वेळा थांबावं लागलं.

कारण छाती काही शांत होत नव्हती. उलट वाढत होती. बाहेर आभाळ निळं झालं, समोरचं घर जागेवर आलं, झाडांची पानं कुणीतरी धुतल्यासारखी दिसायला लागली, आणि आत काकूंच्या छातीत शिट्टी बारीक होत चालली.

संध्याकाळी लेकीचा फोन.

"बाबा, कशी आहे?"

"छान आहे. गातेय."

"खरं?"

"म्हणजे गाईल."

"यंत्राची जाळी धुतलीत का? मागून निघते. धुवायची असते ती."

जाळी काढायला काका मोरीत बसले. वादळाची धूळ त्यांना आता ओळखीची झाली होती, पिवळी, पिठासारखी, बोटाला मऊ लागणारी. पण जाळीवर पिवळं काही नव्हतं. राखाडी लोकर साचली होती, जाडजूड, आणि तिच्यात बारीक बारीक लाल तंतू अडकले होते. काकांनी एक तंतू नखावर घेतला. उजेडाकडे धरला. पट्ट्यांच्या खाली, आवाज होऊ नये म्हणून, लाल बनातीची, जाड लोकरी कापडाची, पट्टी चिकटवलेली असते. जुनी झाली की ती अशी झडते. शिवाय चामड्याचे भुगे होते. ते तर त्यांनी डोळे मिटूनही ओळखले असते.

ते तसेच ओल्या हातांनी आत आले. काकू झोपल्या होत्या. मावळतीचा उजेड झडपेच्या फटीतून येऊन खोलीत तिरपा उभा होता, एखादी पातळ काच ठेवल्यासारखा. काकांनी वकिलांच्या घरून आलेली पेटी ओढून त्या उजेडापुढे धरली आणि सूर बंद ठेवून भाता एकदाच हलकेच दाबला.

पेटीनं उच्छ्वास टाकला. फटींतून, भोकांतून, पट्ट्यांच्या मधून धूर निघावा तशी धूळ वर आली आणि उजेडात येऊन सोन्यासारखी पेटली. इतकी सुंदर दिसत होती की काका क्षणभर बघतच राहिले. तो सोनेरी ढग वळला, उलगडला, सावकाश पलंगाकडे सरकला आणि काकूंच्या उघड्या तोंडाशी जाऊन विरला. काकू झोपेतच खोकल्या. यंत्राचा दिवा तांबडा झाला.

काकांनी भाता सोडला नाही. सोडला तर तो पुन्हा श्वास घेईल, म्हणून दाबूनच धरून बसले. जन्मभर परक्या घरांच्या पेट्या ह्या घरात आल्या होत्या. कुणाच्या माळ्यावरच्या, कुणाच्या पलंगाखालच्या. त्या पोटात घेऊन आलेली सगळी धूळ काकांनी स्वतःच्या हातानं, रोज, खिडक्या लावून, इथे सोडली होती. वादळ तरी वर्षातून चार-पाचदा यायचं.

सकाळी काका कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानाला मागे पत्र्याची पडवी होती, तिन्ही बाजूंनी मोकळी.

"इथे बसू का मी काम घेऊन?"

"बसा की. तुमचंही हवेचंच काम आणि माझंही हवेचंच. पण काका, इथे घण चालतो, पंप चालतो. तुम्हाला सूर ऐकू येईल का?"

"येईल," काका म्हणाले आणि लगेच वळले.

घरी येऊन त्यांनी कानशी, पक्कड, सरसाची वाटी पिशवीत भरायला घेतली. काकू पलंगावर उठून बसल्या.

"आवराआवर कसली?"

"पेट्या हलवतोय. सायकलवाल्याकडे."

"का बरं?"

काकांनी जाळीवरचे लाल तंतू कागदात ठेवले होते, ते पुढे केले. काय झालं ते सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. काकूंनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"माहितीये मला."

"काय माहितीये?"

"शाळेची पेटी आली की घशात खडू लागतो. वकिलांच्या पेटीतून तंबाखू येते. मागे ती एक आली होती, तिच्यात कापूर होता, ती वाजली की चांगलं वाटायचं. वाईट वाटलं ती परत गेली तेव्हा."

काका पलंगावर बसले. "कधीपासून माहितीये?"

"दोन वादळांमागे कळलं. आधी नुसता संशय होता."

"आणि बोलली नाहीस! मी इथे चादरी टांगत बसलोय, मासा काय, गळ काय—"

"छान होत्या चादरी."

"अगं, छान काय! मी तुला विष पाजत होतो, आणि तू वर 'हा फुगलाय, हा झोपलाय' करत होतीस?"

"बोलले असते तर काय केलं असतंत? हेच ना? पिशवी भरली असती. म्हणून नाही बोलले."

"मग भरायलाच हवी! उद्या लेक येईल. तिला काय सांगू?"

"तिला काही सांगू नका."

"तुझी छाती सांगेल तिला."

"अहो, छाती माझी आहे ना?" काकूंना दम लागला होता, पण त्या थांबेनात. "सगळे माझ्या छातीबद्दल ठरवतायत. ती म्हणते वर चल, तुम्ही म्हणता पेट्या बाहेर. कुणी मला विचारलं? सकाळी तुम्ही भाता ओढलात की मला कळतं उजाडलं. पेट्या गेल्या की इथे काय उरेल? हे यंत्र? घूंऽऽ? मग लेकीकडची शांतता काय वाईट? तिथं निदान लिफ्ट आहे."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही करत. पेट्या गेल्या तर मीही जाते. सांगून ठेवते."

"आणि पेट्या राहिल्या तर तू राहशील?" काकांचा आवाज चिरकला. "किती दिवस राहशील, ते सांग. त्या श्वासात किती दिवस मावतात?"

खिडकीतून वारा आला. आज तो स्वच्छ होता, त्याला कशाचाच वास नव्हता. बाहेरच्या दारातली निळी चादर फुगली आणि बसली. काकूंनी ती बसेपर्यंत बघितली.

"वरचे सूर ऐकू येत नाहीत तुम्हाला," त्या हळूच म्हणाल्या. "तिथे पंपाच्या गोंगाटात काय कराल? चुकीच्या पेट्या जातील घरोघर. लोक म्हणतील, काकांचा हात गेला."

"म्हणू देत."

"तुम्हाला चालेल?"

"नाही चालणार. पण म्हणू देत."

काकांनी पिशवी खांद्याला अडकवली. मग वाकून शाळेची पेटी उचलली, भाता पट्ट्यानं घट्ट बांधलेला होता, आणि ती छातीशी धरली.

"अहो."

ते थांबले नाहीत.

"पडवी फार लांब नाही ना? खिडकी उघडी ठेवली तर मला ऐकू येईल का तिथून? अहो, विचारतेय मी. येईल का ऐकू?"

काकांनी खांद्यानं निळी चादर बाजूला सारली, पेटी आडवी करून दारातून जपून बाहेर काढली, उंबऱ्याबाहेरच्या चपला पायांनीच चाचपल्या, आणि जिना उतरायला लागले.